डावीकडच्या सीटवरून

माणसं प्रवासाला निघताना नकाशा घेतात, मी सुतळी घेतली. डोंबिवलीच्या आमच्या घरात एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई फक्त तिच्यावरूनच कुणाच्या आधाराशिवाय उठू शकते. त्या खुर्चीची उंची मी सुतळीने मोजली, तिथे गाठ मारली आणि सुतळी पर्समध्ये टाकली. जिची सीट या गाठीला येईल ती गाडी घ्यायची, रंगबिंग नंतर बघू, असं ठरवून मी रविवारी सकाळी घराबाहेर पडले.

जायचं होतं खडवलीला. खडवली काही लांब नाही, कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. तिथे आईची थोरली बहीण राहते, आमची अक्कामावशी. दोघींचा रोज चार वाजता फोन व्हायचा. गेल्या दिवाळीपासून मावशीला फोनवर काही ऐकू येईनासं झालं. आई विचारायची पाय कसा आहे, मावशी सांगायची आज नळाला पाणीच आलं नाही. आई हसायची, फोन ठेवायची आणि मग दिवे लागेपर्यंत गप्प बसून राहायची.

"एकदा तिच्याजवळ बसायचंय गं," एवढंच म्हणायची.

एकदा भाड्याची गाडी करून पाहिली होती. सीट इतकी खाली की आई अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली. ड्रायव्हरने आणि मी मिळून तिला बाहेर काढलं. "पोत्यासारखी ओढलीत मला," म्हणाली आणि त्यानंतर कुठल्याही गाडीकडे बघायला तयार होईना. म्हणून पन्नाशी उलटल्यावर, दोनदा नापास होऊन मिळवलेलं लायसन्स घेऊन, मी ग्रंथपालबाई जुनी गाडी शोधायला निघाले. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती.

सोबतीला देवरेकाका. मोहन्यात, रेयॉनच्या जुन्या कारखान्याजवळ त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. त्यांच्या पद्धतीच ठरलेल्या. गाडी पाहिल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवायचा. आणि गाडी बघून होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहा प्यायचा नाही.

"चहा प्यायला की माणूस मिंधा होतो," ते म्हणाले, "मग इंजिनाचा आवाज गोड वाटायला लागतो."

पहिला मुक्काम ठाणे. घोडबंदर रोडला जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं, बाहेर रंगीत फुगे लावलेले. पांढरी शुभ्र गाडी आमच्यासाठी पुसून उभी होती. मी वाकून सुतळी लावली, गाठ बरोब्बर जुळली. मला तेवढ्यात आई खडवलीला पोचलेली दिसायला लागली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच ठेवला.

"सकाळपासून कुठे फिरून आली का?" त्यांनी दुकानातल्या मुलीला विचारलं.

"नाही काका, जागेवरच आहे."

"मग तापली कशी? आम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवलीत. थंड असताना ही उठत नसणार."

मुलगी खोटं बोलायला अजून शिकत होती बिचारी, तिने मान खाली घातली. आम्ही नाक्यावर येऊन मिसळ खाल्ली. तर्री एवढी जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच तर्रीचं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी डोंबिवलीतच, एमआयडीसीजवळ. तिशीतला एक इंजिनीअर लग्नानंतर गाडी विकत होता. गाडी लाल, जमिनीला टेकलेली, मागे दोन भलेमोठे स्पीकर. सुतळी काढायचीही गरज नव्हती, पण लाल रंगाला भुलून मी आत बसले. बसले ती बसलेच. उठताच येईना. शेवटी दाराला धरून आधी एक पाय, मग दुसरा, असं करत बाहेर आले. काका तोंड फिरवून मुद्दाम टायर बघत उभे होते.

"मॅडम, सस्पेन्शन लो केलंय ना, बघणारे वळून बघतात," तो मुलगा अभिमानाने म्हणाला.

बघितलंच होतं सगळ्यांनी.

तिसऱ्या रविवारी कल्याणला उतरून, दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडून पलीकडच्या एका गावात गेलो. पूर्वी भातशेतीचं गाव, आता शेतांवर टॉवर उभे आहेत आणि मधूनच एखादं बैठं घर, पुढ्यात तुळस आणि पत्र्याखाली गाडी. अशाच एका पत्र्याखाली जनार्दनदादा भेटले. सत्तरीचे, अंगात बनियन, गळ्यात चेन. चहा आधीच केलेला. काका अडचणीत आले, कारण या घरात चहा नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान. त्यांनी कप घेतला, तो एका हातात तसाच भरलेला धरला आणि दुसरा हात बॉनेटवर ठेवला.

"थंडगार," ते म्हणाले. मग आवाज ऐकला, खाली वाकून पाहिलं, ऑइलची कांडी काढून बोटावर घासली, आणि सायीसकट गार चहा एका घोटात पिऊन टाकला. मी समजले.

सुतळीची गाठही जुळली. पण आत वाकले तर सीटांवर अजून प्लास्टिक. शोरूममधून येतं ते, जाड, आता पिवळट पडलेलं. गाडी नऊ वर्षांची.

"आमची बायको कारू दिईना," दादा म्हणाले. (कारू, म्हणजे काढू.) "बोलायची, पोरीच्या लग्नात कारू. लग्न झाला. मंग बोलली, नातू व्हईल तवा कारू. नातू झाला. मंग तीच गेली. आता दोन वरसं झाली, गारी (गाडी) तशीच उभी हाय. माना (मला) चालवाशी वाटत नाय."

घरातून सुनेने तांदळाची भाकरी आणि सुका जवला (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यात परतून आणला. गाडी बघायला आलेल्या माणसाला जेवू घालून पाठवणारं दुकान ठाण्याला मिळालं नसतं. जेवल्यावर मी चालवून बघायचं ठरलं. काका मागे बसले. दादा सवयीने उजवीकडच्या दाराशी गेले, थबकले, आणि वळसा घालून माझ्या डावीकडे येऊन बसले. प्लास्टिक करकरलं.

पूल लागला तसे ते बाहेर बघू लागले. मग काचेजवळ सरकले.

"हितून खारी दिसते की," म्हणाले. (खारी म्हणजे खाडी.) "ती बोलायची, बगा, भरती आली बगा. मी बोलायचो, गारी चालवू का बगू?"

पूल संपला. कल्याणच्या बाजूला मी गाडी थांबवली. दादांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ताई, परत नेताना मीच चालवतो. माना हितं नाय बसवत." मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

खरी परीक्षा आईची. आठवडाभराने दादा स्वतःच गाडी घेऊन आमच्या बिल्डिंगखाली आले. आई काठी टेकत उतरली, चेहरा असा की जणू दात काढायला नेतोय. दादांनी खिशातून चाकू काढला.

"थांबा आई, यो प्लास्टिक कारतो. नवी मानसा, तुमी चांगल्या सीटवर बसा."

"नंतर हो, आधी बसते तर खरी," आई म्हणाली. तिने पाठ सीटकडे केली, टेकली, आणि त्या प्लास्टिकवरून अलगद घसरत आत वळली. खुबा न दुखवता, कुणाचा हात न लागता. कापडावर ती अडकली असती. ती तशीच पुढे बघत बसून राहिली. मग म्हणाली, "दादा, ते राहू द्या. काढू नका."

दादांनी चाकू मिटला. मिटायला बराच वेळ लागला.

गाडी आमची झाली आणि आम्ही मायलेकी निघालो. टिटवाळ्यामार्गे खडवलीला पोचायला मला तास लागेल असं वाटलं होतं, लागले दोन. एकदा रेल्वे फाटकाशी गाडी बंद पडली, म्हणजे मी पाडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमची कुळं उद्धरली. आई शांतपणे म्हणाली, "वाजवू दे. इतकी वर्षं थांबले, त्यांनी दोन मिनिटं थांबावं."

मावशीच्या घराला पाच पायऱ्या, आईला चढता येणार नव्हत्या, ती गाडीतच बसली. मग मावशीच भिंतीला धरून खाली आली आणि माझी जागा रिकामी दिसली म्हणून तिथेच, स्टिअरिंगमागे येऊन बसली. मी बाहेर कट्ट्यावर. काचेतून दोघींची पांढरी डोकी दिसत होती. आईने मावशीचा हात मांडीवर घेतला होता आणि तिच्या बांगड्या एकेक करून फिरवत होती.

"चल, कुठे नेऊ तुला?" मावशी मोठ्याने म्हणाली, एक हात स्टिअरिंगवर ठेवून.

आईने तिच्या कानाशी तोंड नेलं. "नदीवर, अक्का."

मावशीला मागे बसवून मी दोघींना भातसेच्या काठापर्यंत नेलं. जिथे त्या लहानपणी धुणं धुवायच्या तो खडक पाण्याखाली होता, की दुसरीकडेच होता, यावर दोघींचं एकमत झालं नाही. ऊन उतरेपर्यंत बसलो. मावशीला घरी सोडलं तेव्हा ती म्हणाली, "आता येत जा." आई "हो" म्हणाली. एक एकोणऐंशीची, दुसरी चौऱ्याऐंशीची. मी आरशात न बघता गाडी वळवली, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांच्या मते ही माझी कायमची चूक.

परतताना फाटक नको म्हणून पडघ्यावरून हायवेला लागले. मला वाटलं आई झोपली. मी गाडीचाच विचार करत होते. काका म्हणाले होते, टायर बदला, बॅटरी बदला, मग दहा वर्षं बघायला नको. गाडीची दहा वर्षं. ते ऐकताना मला बरं वाटलं होतं, आता तोच आकडा मी एकोणऐंशीत आणि चौऱ्याऐंशीत मिळवून बघत होते. विश्वासाची गाडी मिळाली, पण ती दोन वर्षं आधी का नाही शोधली, मावशीला ऐकू येत होतं तेव्हा?

दुर्गाडीचा पूल लागला. समोर ट्रक, मागे ट्रक.

"अगं, केवढं पाणी भरलंय. बघतेस का?" आई म्हणाली.

मान वळवली असती तर ट्रकवर गेले असते. गाडी चालवू का बघू, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मला नाही दिसत आई," मी म्हटलं, "तू सांग ना."

ती काचेकडे सरकली, प्लास्टिक करकरलं. मग ती सांगू लागली. पाण्याचा रंग, दोन होड्या, काठावरचं जाळं, एक बगळा, नाही, दोन. मी गाडी जमेल तेवढी हळू घेतली. पूल संपला तरी ती सांगतच होती.