दीड बोट खाली

त्या घरात कागदाला अभय नव्हतं. इस्त्रीचं गॅरंटी कार्ड, औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, अजून अर्धा महिना बाकी असलेलं कॅलेंडरचं पान, कशाचीच शाश्वती नसे. सकाळी टेबलावर असलेला कागद संध्याकाळी कुठल्यातरी चित्रात ढग नाहीतर गाढवाचं पोट होऊन बसलेला असायचा. वर मागायला जावं तर उत्तर तयार, "आत्या, ते आता सुटणार नाही गं. पक्कं चिकटलंय."

म्हणून तिचं नाव डिंकी. खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. तिच्या बोटांना सदा डिंक असायचा. दाराची कडी, कपाचा कान, पुस्तकांची पानं, जिथे जिथे ती हात लावी तिथे आपली सही सोडून जाई. आई-वडील दुसऱ्या गावी होते आणि ही पुस्तकांतली चित्रं काढायचं शिक्षण घ्यायला आत्याकडे राहत होती. तिसरं वर्ष चालू होतं. बटाटा कापून ठसे झाले, सँडपेपरवर मेणखडू घासून झाले, आत्याच्या इस्त्रीने मेण वितळवून झालं. त्या इस्त्रीने पुढे एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर निळं फूल उमटवलं, तो किस्सा वेगळा.

आत्या शिंपीण. नुसती नव्हे, कोट शिवणारी. रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत तिचं कटिंगचं टेबल, दोन मशिनं आणि माणूसभर उंचीचा आरसा. सगळी गल्ली तिला मास्तर म्हणायची. भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका गिऱ्हाइकाचे पुठ्ठे. बाही, पुढा, पाठ, कॉलर. प्रत्येक पुठ्ठ्यावर आत्याच्या टोकदार पेन्सिलीने चार शब्द. आत्या पेन्सिल नांगरासारखी चालवायची. लिहिलेलं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हाताला लागे. "पोट सांगतो त्याहून दोन बोटं जास्त." "उजवा हात लांब." "आरशात बघू देऊ नये, तासभर जातो."

आता कोटाच्या पाठीचा पुठ्ठा अर्धाच असतो. अर्धी पाठ कापायची, उलटवून दुसरी अर्धी कापायची, झालं. माणसाच्या दोन बाजू सारख्याच, असं धरून चालायचं. पण एका खिळ्याला पूर्ण पाठीचा पुठ्ठा होता. तो घड्याळवाल्या काकांचा. कोपऱ्यावरच्या दुकानात काचेमागे बसून, डोळ्याला भिंग लावून, डाव्या बाजूला कलून चाळीस वर्षं घड्याळं उघडता उघडता त्यांचा डावा खांदा कायमचा उतरला होता. आत्याच्या कोटात मात्र काका अगदी सरळ दिसत. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "डावा खांदा दीड बोट खाली. बोलायचं नाही."

हाच पुठ्ठा डिंकीने पळवला. बाकीच्या पुठ्ठ्यांच्या गर्दीत रिकामा खिळा आत्याच्या लक्षात आला नाही.

झालं असं, की कॉलेजात मुद्राचित्रणाच्या, म्हणजे ठसे छापायच्या, सरांनी काम दिलं होतं: चेहरा न काढता माणसाचं चित्र करा, वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी. डिंकीने चपला छापून पाहिल्या, चष्मे छापून पाहिले. सर प्रत्येक ठशाकडे बघून "हं" म्हणायचे. सरांचं "हं" ऐकलं की मुलं कॉलेज सोडून दुकान टाकायचा विचार करत. असं पाचवं "हं" घेऊन घरी आली आणि समोर भिंतीवर ती पाठ. एक खांदा वर, एक खाली, वर धुळीचा थर. काकांनी सहा वर्षांत कोट शिवला नव्हता. आता कशाला लागतोय हा, असं तिने मनाशी ठरवलं. चोराला कारणं कमी पडत नाहीत.

मग तिने पुठ्ठ्यावर कोटाच्या आत घालतात त्या कॅनव्हासचे तुकडे चिकटवले, मणक्याच्या जागी जाड दोरा, खिशातल्या रुमालासारखी एक चुरगळलेली चिंधी, दोन घड्याळांचे पट्टे. वर व्हार्निशचे दोन हात. वाळल्यावर काळी शाई चोळली, कापडाने पुसून काढली आणि ओला कागद ठेवून कॉलेजातल्या छापायच्या प्रेसमधून फिरवला. प्रेसवर सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "ठसा उलटा पडतो." ती पाटी डिंकीमुळेच लागली होती. पहिल्या वर्षी तिने आठ दिवस खपून लिनोच्या मऊ तुकड्यावर आपलं नाव सरळ कोरलं आणि ते उलटं उमटल्यावर यंत्र बिघडलंय अशी तक्रार केली होती.

डिंकीने कागद उचलला. कागदावर एक माणूस पाठ करून उभा होता. विणलेल्या कापडाचा पोत, दोऱ्याचा मणका, वाकलेला खांदा, सगळं जिवंत. आणि खांद्यावर बारीक काळ्या रेघांची नक्षी, म्हणजे आत्याच्या पेन्सिलीच्या खाचांत बसलेली शाई. ती अक्षरं आहेत हे तिला ठाऊक होतं; पण तिला त्यात अक्षरं दिसली नाहीत, नुसती सुंदर रेघ दिसली. शिवाय उलटी. कोण वाचतंय?

सर खूप वेळ बघत राहिले आणि "हं" म्हणाले नाहीत. "नाव काय देणार?" एवढंच विचारलं.

"पाठ," डिंकी म्हणाली.

पुठ्ठा चौथ्या ठशाला फाटला आणि पाचव्याला त्याचा लगदा झाला. तो कचऱ्यात गेला. एक ठसा चौकटीत बसवून सरांकडे, एक घरी पलंगाखाली. पोरगी हवेत होती. त्याच हवेत तिने कोपऱ्यावर जाऊन काकांनाही प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण.

चारच दिवसांनी काका आत्याच्या दारात उभे. दुकान बंद करणार होते. डोळे थकले होते. गल्लीतल्या दुकानदारांनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता, हार, भाषणं, फोटो.

"मास्तर, एक शेवटचा कोट शिवा," काका म्हणाले. "सगळ्यांपुढे उभं राहायचंय. जरा बरा दिसलो पाहिजे."

"माप कशाला घ्यायचं?" आत्या म्हणाली. "तुमचा पुठ्ठा आहे की. उद्या कापते."

डिंकी आत खोलीत डिंकाचं झाकण लावत होती. ते तिच्या हातून निसटून मोरीपर्यंत घरंगळत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या अस्तर आणायला बाहेर पडली, तशी डिंकीने पलंगाखालचा ठसा ओढला, तो नव्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि कडेने पेन्सिल फिरवून पाठ कापली. आत्याचं अक्षर तर ती झोपेतही काढी. पण पुठ्ठा कोरा करकरीत दिसत होता. मग तीन वर्षांचं शिक्षण कामी आलं. चहाच्या पाण्याचा एक हात, कडांना राख, कोपऱ्याला तेलाचं बोट, मध्ये पायाने एक घडी. खिळ्याचं भोकसुद्धा झिजवून मोठं केलं. भिंतीवर टांगून दोन पावलं मागे सरली आणि तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली. इतकं हुबेहूब काम तिने कॉलेजात कधी केलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली. प्रेसवरची पाटी.

ट्रायलला काका आले. कच्च्या टाक्यांचा, टाचण्यांचा कोट अंगात घातला आणि आरशापुढे उभे राहिले. कोट बिचारा गोंधळलाच. आत्याने डोळे झाकून पुठ्ठ्याच्या आकाराप्रमाणे कापलं होतं; कापसाची गादी उजव्या खांद्यावर चढली होती, त्यामुळे तो कानाकडे निघाला होता. डाव्या खांद्यावर कापडाची झोळी लोंबत होती. काका आरशात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मी फारच वाकलोय का हो?"

आवाज अगदी लहान झाला होता. दाराआडून डिंकीने तो ऐकला. तोवर तिला वाटत होतं की आपण एक पुठ्ठा चोरलाय. आपण माणसाचा सरळपणा चोरलाय, हे तिला आत्ता कळलं.

"तुम्ही कशाला वाकताय?" आत्या ताडकन म्हणाली. "माझा हात चुकला. वय झालं माझं. काढा तो. मी परत कापते."

काका गेले. आत्याने खिळ्यावरून पुठ्ठा उतरवला, नाकाशी नेला आणि वास घेतला.

"डिंके, माझे पुठ्ठे चहा कधीपासून प्यायला लागले?"

मग काय, सगळं बाहेर आलं. पळवलेला पुठ्ठा, ठसा, लगदा, चहा, राख. आत्या ऐकत होती आणि मध्ये एकदा, नाइलाजाने, तिच्या ओठाचा कोपरा हलला. खिळ्याच्या भोकाचं ऐकून. पण पुढच्याच क्षणी चेहरा उतरला.

"त्याच्यावर लिहिलेलं? तेही उमटलं?"

"उमटलं. पण उलटं आहे आत्या, कुणाला नाही वाचता येणार."

"गिऱ्हाइकाचं अंग मला दिसतं, ते माझ्या भिंतीपुरतं असतं," आत्या म्हणाली. "झाकली मूठ आहे ती. तू ती चौकटीत लावलीस. कधी आहे प्रदर्शन?"

"आज. आत्ता. काकांनासुद्धा बोलावलंय मी."

आत्याने चपला घातल्या. गळ्यात टेप तसाच, कुडत्याला टाचण्या तशाच. दोघी अशा निघाल्या की वाटेत तीन माणसांनी कुणी आजारी आहे का म्हणून विचारलं. चौकट उतरवायची, काका यायच्या आत, एवढंच डोक्यात होतं. त्यापायी वर्ष गेलं तरी चालेल, असं डिंकी धापा टाकत म्हणाली आणि ते तिने मनापासून म्हटलं.

काका आधीच पोचले होते. घड्याळवाला माणूस, वेळेआधी दहा मिनिटं. ठशापुढे ते एकटेच उभे होते, डोळ्याला भिंग लावून. सर बाजूला होते. दारातच दोघींना काकांचा आवाज ऐकू आला, एकेक अक्षर लावत नव्हे, वर्तमानपत्र वाचावं तसा सरळ:

"डावा खांदा... दीड बोट खाली. बोलायचं नाही."

"काका, तुम्हाला ते वाचता येतं?" डिंकीच्या तोंडून निघून गेलं.

काका वळले. "चाळीस वर्षं दुकानाच्या काचेवरची अक्षरं मी आतून वाचतोय, डिंके. सरळ कशी दिसतात ते गिऱ्हाइकांना विचार."

याचा विचार डिंकीच काय, सरांनीही केला नसता. ती चौकटीकडे धावली. "मी काढते. आत्ता काढते. चुकले काका, मी आत्याला न विचारता..."

"राहू दे," काका म्हणाले. "आपली पाठ आपल्याला कधी दिसते का? बघू दे की जरा." आणि परत बघत बसले. आत्या टेपची दोन टोकं मुठीत आवळून उभी होती. कुणाच्या अंगाला टाचणी टोचली तरी न डगमगणारी बाई, पण डोळे भरले होते.

"दीड नाही, मास्तर," काका त्या ठशाकडेच बघत म्हणाले. "तुमची चूक आहे त्यात. म्हणजे माझीच. तुम्ही माप घ्यायला लागलात की मी खांदा ओढून धरायचो. दम लागायचा. तुम्हाला कळू नये म्हणून."

"मला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"तुमचा श्वास अडकलेला ऐकू यायचा की मला. पुठ्ठ्यावर दीडच लिहिलं, तुमचा मान राखून. गादी मी तीन बोटांची भरत होते."

काका हसायला लागले, आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंग काढून डोळे पुसत. त्यांचं बघून आत्या हसली. दोन म्हातारी माणसं तीस वर्षं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होती आणि ती लपवायला एक श्वास रोखत होता, दुसरी कापूस भरत होती. डिंकीला हसावं की नाही कळेना. ती सरांकडे बघत राहिली. सर म्हणाले, "हं." पण हे "हं" वेगळं होतं.

काकांनी अंगातला सदरा सारखा केला, आत्याकडे पाठ केली आणि खांदा सोडून दिला. तो सावकाश खाली आला, चाळीस वर्षांच्या सवयीने थेट आपल्या जागी.

"घ्या माप," ते म्हणाले. "आज मी नीट उभा राहणार नाही."

आत्याने टेप लावला, मग टेप सोडून बोटं लावली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. डिंकीने सरांच्या टेबलावरचा तपकिरी पुठ्ठा ओढला आणि पेन्सिल दाबून धरली.

"लिही," आत्या म्हणाली. "डावा खांदा तीन बोटं खाली."

डिंकीने लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून दबकत विचारलं, "आणि 'बोलायचं नाही' लिहू का?"

आत्याने काकांकडे पाहिलं.

"लिही की," काका पाठमोरेच म्हणाले. "फक्त उलटं लिही. मला वाचायला बरं पडतं."