लेव्हलमास्तरचा उजवा अंगठा

सत्तावीस वर्षं फरश्या बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे लेव्हलमास्तर म्हणत. लेव्हल बघायची पट्टी मात्र तो पिशवीतून बाहेर काढत नसे. चप्पल काढायची, उजव्या पायाचा अंगठा सांध्यावरून फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "पास!" किंवा "काढ ती. नखभर वर आलीय." पुढे अपील नाही.

त्या दिवशी हाताखाली काम करणारा मेहुणा दबकत म्हणाला, "भाऊजी, दारातली ही जरा वर वाटतेय."

"वाटतेय? कालपर्यंत सिमेंटची गोणी उलटी फोडत होतास, आज मला लेव्हल शिकव!" मास्तरने अंगठा फिरवला. "लोणी आहे लोणी. पास!"

डोकं तसं दोन महिने तापलेलंच होतं. कंबरेतून कळ निघायची ती मांडीमागून थेट पोटरीत उतरायची. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे. वर फुकटचे सल्ले! शेजारचे काका नाकातून, "वात आहे हो, वाऽऽत." औषधवाला, "मलम गार देऊ का गरम?"

"कुठलंही दे. काकांच्या तोंडाला लावतो!"

चौथ्या दिवशी त्या घरच्या मालकीणबाईंचा फोन. "मास्तर, आईची चाकाची खुर्ची दारात अडकतेय."

"चाक बघा, बाई."

"चाक नवं आहे. आई तोंडावर पडता पडता वाचली."

मास्तर फोनवर जे ओरडला ते ऐकून बायकोने "आता ही कंबर दाखवायचीच" म्हणत त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दुखतेय कंबर आणि तुम्ही अंगठा काय धरून बसलाय?" मास्तर त्यांच्यावरही खेकसला.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"आधी टोचा तरी!"

"तीनदा टोचलं."

बायकोने तोंडावर हात ठेवला. मास्तरने डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं.

मणक्यांमधली चकती सरकून नस दाबतेय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नस निघते कंबरेतून, पोचते अंगठ्यापर्यंत. म्हणून दुखणं वर, बधिरपणा खाली. तपासणी होईपर्यंत वाकायचं नाही, उचलायचं नाही. लघवी अडली किंवा जांघेत बधिर वाटलं तर तडक यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मेहुण्याला घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. डावा अंगठा फिरवला. नखभर कसली, बोटभर धार लागली.

"सत्तावीस वर्षं पोसला, आणि हाच फितूर!" उजव्या पायाकडे बघून तो कडाडला. मग स्टुलावर ताठ बसला. "काढ ती."

मेहुणा छिन्नी घेऊन बसला. "नक्की ना, भाऊजी? मला आपलं नुसतं वाटत होतं."

"हात चालव, तोंड नको!"

नवी फरशी बसली. मास्तरने सवयीने उजवी चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तूच फिरव."

मेहुण्याने चप्पल काढली. अंगठा गेला, आला, परत गेला. बाई बघतायत, खुर्चीतली आई बघतेय, मास्तर श्वास रोखून बसलाय.

"नापास," मेहुणा म्हणाला.

"मग काढ की, गाढवा! माझं तोंड काय बघतोस?"