नैर्ऋत्येची खोली

बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले, पण हे एक अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. तुम्ही मुलं इतकी दूर आहात, म्हणून नीट क्रमाने लिहिते. नावं कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा बीडजवळच्या एका ठाण्याची प्रभारी होते. श्रावणातली झड लागली होती. सकाळची हजेरी चालू असताना एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. पूर्वी ऊसतोडीला जाणारी ही बाई, आता वयामुळे बाळंतिणींना तेल लावणं, बाळांना न्हाऊ घालणं अशी कामं करायची. आदल्या दिवशीही ती आली होती, आणि बंदोबस्ताच्या घाईत मीच तिला "मावशी, उद्या या" म्हटलं होतं.

"म्याडम, त्या नव्या चार घरांखाली हीर हाय," ती म्हणाली. "आमी तिचं पाणी पिलोय. बुजवली कवा, ते ठाव न्हाई."

कोणत्या घराखाली, हे मात्र तिला सांगता येईना. बांध मोडले होते, बाभळी तोडल्या होत्या, खूण म्हणून काही उरलं नव्हतं. आणि त्या चारांतल्या एका घरात तिची बाळंतीण होती, नऊ दिवसांचं बाळ घेऊन.

स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदारासह निघाले. चारही घरांच्या भिंतींना तडे होते, पण त्यावरून काही ठरेना. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंत तडकणारच. लोकही हसले. एक जण म्हणाले, "भेगा कुठं न्हाईत मॅडम? तुमच्या ठाण्याला बी हायत." ते खरंच होतं. शिवाय घर घेताना प्रत्येकाने खड्डा पाहिला होता. भूमिपूजनाचा, ईशान्येचा, कमरेइतका खोल, आणि तळाशी पिवळा मुरूम. मुरूम लागला म्हणजे जमीन पक्की, अशी सगळ्यांची खात्री. घर सोडा म्हणायला माझ्याजवळ म्हातारीच्या शब्दापलीकडे काही नव्हतं.

तलाठ्याकडून जुना सातबारा मागवला. विहिरीची नोंद सापडली, पण गट मोठा, विहीर नेमकी कुठे हे कागदावरून कळेना.

मग घरं बांधून विकणाऱ्याला चौकशीसाठी बोलावलं. गावात वजन असलेला माणूस, बोलायला मऊ. विहीर होती हे त्याने लगेच मान्य केलं. ती रस्त्यात गेली म्हणाला. रस्त्यात कुठे, विचारलं की एकदा वळणावर, एकदा चढावर. दोन तास तेच. बाहेर पाऊस थांबत नव्हता. भरावाची माती पाणी पिऊन बसते, हे शेतकऱ्याच्या मुलीला शिकवावं लागत नाही. खरं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, त्यामुळे तो सांगणार नाही, हेही मला दिसत होतं.

मी प्रश्न विचारणं थांबवलं. म्हटलं, गावात विहिरीची चर्चा चाललीय, तुम्ही स्वतः चारही घरांतून फिरून दाखवा, म्हणजे अफवा थांबेल. त्याला नाही म्हणता येईना.

पहिल्या घरात तो सगळ्या खोल्यांतून हिंडला. दुसऱ्यात पलंगावर बसून चहा घेतला, तडे कसे लिंपायचे ते सांगितलं. तिसरं घर बाळंतिणीचं. बैठक झाली, स्वयंपाकघर झालं, आणि नैर्ऋत्येच्या खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबला.

"बाळंतिणीच्या खोलीत कसं शिरावं ताई? बरं दिसत न्हाई."

मला ते पटलं. रीतच आहे ती. मी वळलेसुद्धा. पण त्याची नजर बाळाकडे नव्हती, बाळंतिणीकडेही नव्हती. ती फरशीवर खिळली होती. मी म्हातारीला सांगितलं, मायलेकरांना बाहेर ओसरीवर आणा. तिने बाळ छातीशी धरलं आणि पोरीला हळूहळू चालवत नेलं. खोली रिकामी झाली.

"आता चला," मी म्हटलं.

तो हलला नाही.

"जावा की मालक," हवालदार म्हणाला, "तुमीच बांधलंय."

त्याने एक पाऊल मागे घेतलं.

मी लगेच चारही घरं रिकामी करवली. पंचांसमोर कोपऱ्यातली एक फरशी काढून गवंड्याने पहार मारली. दोन हात ती सहज गेली, मग त्याच्या मुठीतून निसटली, आणि खाली खोल पाण्यात पडल्याचा आवाज आला. दारातून म्हातारी म्हणाली, "हीच ती. आवाज वळखीचा हाय."

जबाबात त्याने सगळं सांगितलं. विहीर पुरती बुजवलीच नव्हती, तोडलेल्या बाभळी तोंडावर आडव्या टाकून वर माती लोटली होती. लोक खड्डा ईशान्येलाच घेतात हे ठाऊक असल्याने त्याने आखणीच अशी केली होती, की विहीर त्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात यावी. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला. गुन्हा दाखल झाला. पाचव्या दिवशी त्या खोलीची अर्धी फरशी खाली गेली. आत कोणी नव्हतं.

तेव्हापासून चौकशीत मी तोंडापेक्षा पायांकडे अधिक लक्ष देऊ लागले. आणि जिने त्या जमिनीतून पाणी शेंदलं, तिचं ऐकायला एक दिवस उशीर केला, ही माझी चूक मी कधी झाकली नाही. तुम्ही राहता तिथली माती मला माहीत नाही. कधी जागा घेतलीत तर खड्डा चारही कोपऱ्यांत घ्या, तिथल्या जुन्या माणसांना विचारा. आणि घर दाखवणारा प्रत्येक खोलीत तुमच्या आधी शिरतो का, तेवढं बघा.