सरांचं न जोडलेलं पान

पाटीवाले सर कुणाच्याही घरी गेले, की बेल वाजवण्याआधी दारावरची पाटी वाचत. नुसतं आडनाव असलं तर त्यांचं समाधान होत नसे. "आत चार माणसं राहतात आणि बाहेर एक आडनाव. येणाऱ्याला कळावं कसं?" हे ते दारातच उभं राहून म्हणत आणि आतल्यांना ते ऐकू जाई. वसईत आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं, सर त्याचे मालक. ‘पाटीवाले’ हे नाव माझ्याबरोबर काम करणाऱ्या नितेशने ठेवलेलं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी चांदीप गावची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबा मला सोडायला आले होते. सरांनी त्यांना वर बोलावलं, स्वतःची खुर्ची दिली आणि माझं टेबल दाखवलं. त्यावर माझ्या पूर्ण नावाची पाटी आधीच ठेवलेली होती. बाबांनी ती हातात घेतली, पुसली आणि पुन्हा जागेवर नीट ठेवली. त्या एका पाटीसाठी मी सरांची कितीही बोलणी खाल्ली असती.

बोलणी लवकरच मिळाली. पहिल्याच कामात मी वेबसाइटवरच्या एका पानाचा पत्ता ‘नवीन-पान-दोन’ असा दिला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "पोरी, हे उद्या जुनं होईल. मग याला काय म्हणशील? आत काय आहे?" मी म्हटलं, "दवाखान्याच्या वेळा." "मग तेच नाव दे की! लाजतेस कशाला?"

शीर्षक बरोबर आहे की नाही, हे सर खाली चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींना विचारून ठरवत. पापडीच्या एका रोपवाटिकेच्या पानाला नितेशने ‘निसर्गाच्या कुशीत’ असं शीर्षक दिलं होतं. सर आम्हा दोघांना घेऊन खाली गेले. "मावशी, ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हटल्यावर आत काय असेल?"

मावशींनी गाळणी झटकली. "रिसॉर्ट असंल. नायतर पालनाघर."

"आणि ‘सोनचाफ्याची कलमे, पापडी’?"

"कलमं. मला दोन पायजेत, पन स्वस्तात सांगा."

नितेशने मुकाट्याने शीर्षक बदललं. तसा तो मुकाट्याने ऐकणारा नव्हता. ‘येथे क्लिक करा’ लिहायची त्याला सवय होती. एकदा सरांनी त्याला डोळे मिटायला लावले. ज्यांना दिसत नाही, त्यांना संगणक पानावरच्या जोडण्या, म्हणजे लिंक, वाचून दाखवतो. तशा सरांनी त्याला वाचून दाखवल्या. "येथे. येथे. अधिक वाचा. येथे. सांग, आता कुठे जाशील?"

"घरी," नितेश म्हणाला. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पत्ता बदलण्याच्या मात्र ते अगदी विरुद्ध होते. "कुणीतरी तो जपून ठेवलेला असतो," ते म्हणत. "बदलावाच लागला, तर जुन्या जागी पाटी ठेवून जायचं." पापडीचं त्यांचं जुनं घर पाडलं गेलं आणि ते नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एकटेच राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणावर त्यांनी खरोखरच पत्र्याची पाटी लावली होती. मी त्यांच्या नव्या घरी गेले, तर दारावर दोन नावं. वर सरांचं, खाली ‘अनघा’. आत एकच खुर्ची, एकच ताट. अनघा कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

ते कळलं पुढच्या वर्षी. सरांनी फार पूर्वी स्वतःच्या घराची एक वेबसाइट बनवली होती. ती तपासताना मला ‘आईची सुकेळी’ नावाचं पान सापडलं. राजेळी केळी सोलून उन्हात कशी वाळवायची, कशी उलटायची, वाळक्या पानात कशी बांधायची, सगळं होतं. पण त्या पानाकडे नेणारी वाट कुठेच नव्हती. अशा पानाला सर पोरकं पान म्हणत आणि एकही राहू देत नसत. मी उत्साहाने म्हटलं, "सर, हे एक राहिलंय. जोडून देते."

"नको."

त्यांनी ते पान तळापर्यंत सरकवलं. मग म्हणाले, "अनघा माझी मुलगी. तिच्या लग्नावरून भांडण झालं. ती घर सोडून निघाली तेव्हा मी जुन्या घराच्या पाटीवरून तिचं नाव खरवडून काढलं. जाताना तिने ते पाहिलं. हे पान मी तिच्यासाठीच बनवलं होतं, याचा पत्ता फक्त तिला ठाऊक आहे. पान कुठून उघडलं, याची साइटवर नोंद होते; कधीतरी कुणीतरी बडोद्याहून, ती असते त्या गावाहून, हे पान उघडतं. तू ते जोडलंस तर कुणीही येईल. मग मला कळणार कसं, की तीच आली?"

पानाच्या तळाशी त्यांनी नायगावचा पत्ता लिहिला होता. बाकी एक शब्द नाही.

दिवाळीनंतर सर गेले. चार दिवसांचा ताप, एवढंच. अनघाताईंचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. सरांनी सगळ्या साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे सोपवल्या होत्या, म्हणून त्या पानाच्या तळाशी, पत्त्याखाली मी एक ओळ लिहिली: ‘सर गेले. दारावर दोन नावांची पाटी तशीच आहे.’ त्याखाली माझं नाव आणि नंबर. शीर्षकाला हात लावला नाही.

काही दिवसांनी ते पान बडोद्याहून उघडलं गेलं. मग, पहिल्यांदाच, वसई-विरारमधून. आमच्या ऑफिसातून उघडलेलं त्या नोंदीत मोजलंच जात नसे.

मी संध्याकाळी नायगावला गेले. वॉचमन म्हणाला, "एक ताई येऊन गेल्या. मी म्हटलं, कुलूप आहे, कोणाकडे आलात? पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, माझंच नाव आहे हे. जिन्यात बसल्या थोडा वेळ. मग गेल्या."

मला फोन आला नाही. बडोद्याहून ते पान मात्र अधूनमधून उघडतं. ऑफिस आता नितेश आणि मी चालवतो, पोरकी पानं शोधून जोडतो. ते एक मी तसंच ठेवलं आहे.