गुळाच्या पुडीवरची नटी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला ठाऊक नसतानाच तो गेला.

आमच्या लाखनीकडच्या गावात तेव्हा रेडिओवर एक नटी गायची. सिनेमात काम तिचं अन् गळाही तिचाच. बाकीच्या नट्या नुसते ओठ हलवायच्या. ही राहते कुठे, चुलीपुढेही गाते का — माझी धाकटी जाऊ वच्छला मला सारखं विचारायची. ती शाळेत गेली नव्हती, मी चौथी शिकलेली. किराण्याच्या पुडीचा कागद उलगडून मी तिला नटीबद्दल काही सापडलं तर वाचून दाखवायची.

रोवणीत वच्छला त्या नटीची गाणी म्हणायची. चिखलात वाकलेल्या बाया तिच्या सुरावर धान रोवायच्या. ज्यांच्या शेतात रोवणी असे ते निरोप धाडायचे, "वच्छलाले आमच्या बांधीत पाठवा." माझं नाव कोणी घेत नसे. मला वाईट वाटायचं का? नाही — राग यायचा.

एकदा गुळाच्या पुडीवर त्या नटीचा फोटो आला.

"काय लिवलं हाये, बाई?" वच्छलानं विचारलं.

साबणाची जाहिरात होती. मी वाचलं — म्हणजे वाचल्यासारखं केलं — की लग्न झाल्यावर हिनं गाणं सोडलं. घरंदाज बाईनं चारचौघांत गाऊ नये, असं तिनंच सांगितलं.

"तिनंच म्हटलं?"

"छापून हाये ना."

पुढच्या रोवणीत वच्छला गायली नाही. नंतरही नाही. बाया विचारायच्या, "काहून व?" मी खाली वाकून रोवत राहायची.

सासूनं बजावलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. माझंही नसतं ऐकलं. नटीचं मात्र ऐकेल — हे मला तेव्हा कसं कळलं? याचं अजून नवल वाटतं.

परवा नातीनं मोबाइलवर त्या नटीची मुलाखत लावली. केस पांढरे, पण सूर तोच. म्हणाली, लग्नानंतर तर मी जास्तच गायले. मग गाऊन दाखवलं. वच्छला शेजारी लाखोरीची डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मंग तवा पेपरात ते काय होतं, बाई?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

"पेपरवाले काईबी छापतेत," मी म्हटलं.

तिनं मान हलवली अन् पुन्हा लाखोरी निवडू लागली. गाणं संपेपर्यंत तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.