क्रीम रंगाची सीट

शोरूमच्या दारात आईने दादाच्या नव्या गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग ती बसायला म्हणून वळली, तर दादा म्हणाला, "आई, तुला गाडी लागते. सीट क्रीम रंगाची आहे. तू हिच्याबरोबर रिक्षाने ये." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

माझं डोकंच फिरलं. वर्षभर हा माणूस भेटेल त्याला एकच विचारत होता: महाग असली तरी चालेल, पण ऐनवेळी दगा देणार नाही ना? इंजिन, गिअर, सर्व्हिसिंगचा खर्च, सगळं पारखून घेतलं त्याने. वस्तू भरवशाची असावी, हा आग्रह आपण किती धरतो! मिक्सरची, फ्रिजची, गाडीची वॉरंटी हक्काने मागून घेतो. आपली कुणी मागितली, तर काय दाखवणार आहोत? लहानपणी एसटीत याला उलटी व्हायची, तेव्हा आई स्वतःचा पदर पुढे धरायची. तिच्या साडीचा रंग तेव्हा कुणी बघितला होता का?

रिक्षात आई औक्षणाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. निरांजन केव्हाच विझलं होतं. मी रागाने बाहेर बघत होते. रिक्षा खड्ड्यात आदळली, तसं तिने ताट घट्ट धरलं आणि मला हळूच विचारलं,

"सीट मऊ असेल ना गं?"