बेस कॅम्पच्या अलीकडे

सकाळी बागेत एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकले, पण त्यांना गाठ जमेना. मी नजर वळवली.

हिमालयात, बेस कॅम्पच्या अलीकडच्या मुक्कामावर वसंताची बोटं अशीच चाचपडत होती. "डोकं फुटतंय रे, खाली जाऊया," तो म्हणाला. आजाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदारानेही उतरायचं, हा आमच्या गटाचा नियम. जोडीदार मी होतो. "नवरदेवा, नखरे पुरे! लीडरला बोलू नकोस," म्हणत मीच त्याची नाडी बांधली. दुपारी चढावर तो कोसळला, तो उठलाच नाही.

"एका शब्दाने कुणाला सांगितलं असतं तर!" त्याची बायको, शालिनीवहिनी, अजून त्याच्यावरच रागावते आणि मी मान हलवतो. विरळ हवेत माणसाला सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचत होतं.

वहिनी, त्याने सांगितलं होतं. मला.